समोर कोणीतरी बसायला हवं

पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरात पिंजण खुंटीला टांगलेलं असायचं. दमट हवेत रुई पिंजली जात नाही, गोळा होऊन बसते. त्यामुळे मृग लागला की अब्बांचं काम थांबायचं, ते दसऱ्याच्या आसपास पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या दिवसांत अम्मी लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची, अब्बा मूर्तिजापूरच्या स्टेशनवर ओझी उचलायला मिळतात का ते पाहायचे, आणि आम्ही तिघं भावंडं चहात भाकर बुडवून खाऊन शाळेत जायचो. संध्याकाळचं काय, ते संध्याकाळी ठरायचं. घर म्हणजे एक खोली. अर्ध्या खोलीत आम्ही, अर्ध्यात रुई. हिवाळ्यात काम जोरात असलं की झोपून उठल्यावर आमच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आणि अम्मी ओल्या फडक्यानं एकेकाचे डोळे पुसून द्यायची.

‘गादी करणाऱ्याच्या घरी गादी नव्हती’ असं एक वाक्य एका आयोजकानं माझ्या एकपात्री प्रयोगाच्या जाहिरातीत परस्पर घातलं होतं. ते खोटं आहे. आमच्याकडे एक गादी होती, चांगली जाड. तिच्यावर पाहुणे झोपायचे. पाहुणे नसले की ती गुंडाळलेली असायची आणि मी तिच्यावर बसून अभ्यास करायचो. त्याच गादीवर बसून मी पिंजारपुऱ्यातला पहिला पदवीधर झालो.

ज्यांनी पिंजारी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिला एक तात, म्हणजे आतड्याची दोरी, ताणून बांधलेली असते. रुईच्या ढिगावर कमान धरायची आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यानं तात छेडायची. तात थरथरते, रुईचा तंतू न् तंतू सुटा होतो, आणि दडपून बसलेली जुनी रुई ढगासारखी फुगते. आवाज असा येतो की गल्लीच्या टोकाला कळतं. अब्बा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव जायचे. शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेनं, अचलपूरच्या बाजूला निघाले की वाटेतल्या एखाद्या गावी उतरायचे आणि तात एकदा वाजवायचे. ज्याला गादी भरून हवी तो हाक मारायचा.

आमच्या धंद्यात एक रीत होती. ज्या घरची रुई, त्या घरचं कोणीतरी पूर्ण वेळ समोर बसलं पाहिजे. बहुतेक घरातली म्हातारी बसायची. तिच्या देखत जुनी गादी उसवायची, तिच्या देखत पिंजायची, तिच्या देखत भरून टाके घालायचे. आपली रुई आपल्याच गादीत गेली हे तिनं पाहायचं, म्हणजे नंतर बोल नको. गिऱ्हाइकाला ही राखण वाटायची, अब्बांना तो स्वतःचा मान वाटायचा. समोरची म्हातारी स्वयंपाकाला उठली तर ते हात थांबवून बसत.

“काहून थांबला, गफूरभाई?”

“तुमी उठल्या ना, काकू.”

“अरे, माह्या मागं तू का रुई खातं काय?”

“खात नाही. पण मले समोर कोणी लागते.”

ह्या शांताकाकू. त्यांच्या गाद्या वर्षाआड निघायच्या. त्या अब्बांना इतके प्रश्न विचारायच्या की संध्याकाळपर्यंत आमच्या घरची अर्धी हकीकत त्यांच्याकडे आणि त्यांच्या घरची अर्धी आमच्याकडे आलेली असायची. अब्बा घरात फार बोलत नसत. जे बोलायचं ते पिंजता पिंजता, दुसऱ्याच्या ओसरीवर.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि एका शाळेत तासिका तत्त्वावर लागलो. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचेच मास्तर, बाकी वेळ कोणी नाही. तिथल्या स्नेहसंमेलनात एका मुलानं ऐन वेळी दांडी मारली, म्हणून मोकळा वेळ भरायला मी अब्बांची आणि शांताकाकूंची नक्कल केली. लोक हसले, शेवटी शांत झाले. तिथून त्या नकलेचा दीड तासाचा एकपात्री प्रयोग झाला. नाव ठेवलं ‘एका खोलीचं घर’. शाळा सुटली, प्रयोग राहिला. माझी सगळी नोकरी म्हणजे तो.

एकपात्री लोकांना सोपं वाटतं. एकटा माणूस, पाठांतर, झालं. खरी विद्या आहे ती रिकाम्या जागेकडे पाहण्याची. माझी अम्मी रंगमंचाच्या डावीकडे चुलीपाशी आहे, हे एकदा ठरलं की तिच्याशी बोलताना नजर खाली डावीकडेच गेली पाहिजे, दर वेळी तेवढीच खाली. नजर वीतभर चुकली तर प्रेक्षकांची अम्मी नाहीशी होते. अब्बा व्हायचं तर उजवा खांदा किंचित खाली, कारण पिंजण त्या खांद्यावर असायचं. असं सगळं घर मी एकटा उभं करायचो. आणि प्रयोग संपला की एकटाच ट्रंकेत भरायचो.

प्रयोगात खरी रुई असायची आणि अब्बांचं जुनं पिंजण असायचं. मध्यावर मी गादी उसवायचो, समोर एक पाट ठेवायचो आणि म्हणायचो, “समोर घरचं कोणी बसल्याशिवाय आमच्यात तात वाजत नाही. या, बसा कोणीतरी.” प्रेक्षकांतून कोणीतरी हसत, लाजत वर यायचं, पाटावर बसायचं आणि मग मी पिंजायला घ्यायचो. दर वेळी माणूस वेगळा. कोणी गुमान बसायचं, कोणी शांताकाकूंच्या वर प्रश्न विचारायचं.

माणसंही एकेक भेटली. अमरावतीला प्रयोगानंतर एक बाई पडद्यामागं आल्या, पिशवीतून उशी काढली आणि म्हणाल्या, “तुमी पिंजारी ना? ही पार चपटी झाली. भरून द्याल काय?” मी बी. ए. झालेला कलावंत, चेहऱ्याला रंग लावलेला. मला राग आला. पण उशी घेऊन घरी आलो, तर अब्बांना माझ्या सगळ्या धंद्यात तेवढीच एक गोष्ट पटली. “देख, काम भी मिला,” म्हणाले. चिखलदऱ्याला एका शिबिरात धुकं थेट हॉलमध्ये शिरलं आणि रुई ओल्या कणकेसारखी झाली. तात वाजेना. पाटावर बसलेला कॉफीच्या मळ्यातला माळी म्हणाला, “भाऊ, उन्हाळ्यात या.” मी उरलेला प्रयोग पिंजण बाजूला ठेवून नुसता सांगितला.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. शेतीचं तुम्हाला ठाऊक आहे, मी पिंजाऱ्याच्या बाजूनं सांगतो. लग्नं पुढं ढकलली जायला लागली, त्यामुळं नवरीच्या गाद्या निघेनात. नवी रुई कोणी घेईना, तीच जुनी पुन्हा पुन्हा पिंजून घ्यायचे. बाजारात पिंजायचं मशीन आलं होतं, पण भारनियमनात ते दिवसाचा अर्धा वेळ बंद. मशीन बंद पडलं की लोक अब्बांना बोलवायचे. माझे प्रयोगही वीज कधी जाते ते पाहून ठरायचे.

आणि त्याच वर्षांत बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन यायला लागली. वऱ्हाडातला कलावंत म्हटलं की त्याच्या घरात एक मरण असणारच, असं आयोजकांनी धरूनच ठेवलेलं. माझ्या प्रयोगाच्या शेवटी अब्बा दिवसभराचं काम संपवून पायरीवर बसतात आणि बशीतून चहा पितात. बस. कितीकांनी विचारलं, “मग पुढं काय होतं?” मी म्हणायचो, चहा संपतो.

हट्ट होता, मान्य आहे. पण हट्टाला कारण होतं. नांदगाव खंडेश्वरला एका शाळेच्या पटांगणात प्रयोग होता. अम्मी उधार साखरेसाठी शेजारणीशी आधी भांडते आणि मग तिच्याकडूनच साखर आणते, त्या जागी पुढची एक तरुण बाई पदर तोंडाला लावून खूप हसली. नंतर कळलं, तिच्या घरी वर्षापूर्वीच आत्महत्या झाली होती. जाताना ती मला म्हणाली, “भाऊ, आमच्या घरी बी असंच होतं. भांडायचं अन् आणायचं.” होतं, म्हणाली. तिच्यासमोर मी खोटं मरण कसं करणार? आमच्यासारखं साधं, चारचौघांसारखं घर, कोणी न मरता, लोकांना दीड तास बसवू शकतं की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.

फक्त अब्बा कधी प्रयोगाला आले नाहीत. अम्मी वारली होती. दोघी बहिणी अचलपूरला दिलेल्या. घरात आम्ही दोघंच. मी प्रयोगाला निघालो की ते पिंजणाची तात तपासून द्यायचे, ठोकळा फडक्यात बांधून द्यायचे, आणि दारात उभे राहायचे.

“अब्बा, चलो ना एक बार.”

“अपने घर की बात है. जिसने घर में देखी, वो टिकट पे क्या देखेगा?”

टिकीट बहुतेक वेळा नसायचंच.

अकोल्याच्या एका मंडळानं बोलावलं तेव्हा ही गोष्ट घडली. मंडळाचे कार्यवाह गावंडे सर. निवृत्त शिक्षक, अतिशय भला माणूस. फोनवर म्हणाले, “प्रयोग उत्तमच आहे तुमचा, ऐकून आहे. शेवट थोडा वाढवता येईल का?”

“वाढवता म्हणजे, सर?”

“म्हणजे, वडिलांचं पुढं…”

“वडील चहा पितात, सर.”

“हो, ते आहेच. पण त्यानंतरचं. आजची परिस्थिती लोकांपुढं यायला हवी.”

“त्यानंतरचं मला नाही करता येणार, सर.”

मग सर हळू आवाजात म्हणाले, “समजलो मी. माफ करा. काही जागा बोलताच येत नाहीत.” मला वाटलं, माणसाला कलेतलं कळतं.

प्रयोग वीज जायच्या आत संपावा म्हणून दुपारचा ठेवला होता. त्याच दिवशी अब्बांना मोतीबिंदू दाखवायला अकोल्याला न्यायचं होतं. सकाळी दवाखाना झाला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल. आता त्यांना एकटं कुठं सोडणार? सभागृहात आणलं, मधल्या वाटेलगतच्या खुर्चीवर बसवलं, चहाचा कप हातात दिला. “गाडीपर्यंत इथंच बसा.” ते म्हणाले, “हाँ हाँ, तू अपना काम कर.” ते कोण, हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या धंद्याला ते आले होते असं मला म्हणायचं नव्हतं. गाडीसाठी थांबले होते.

सभागृह भरलं. मी विंगेत उभा. गावंडे सर माईकपाशी गेले, प्रास्ताविक केलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, “या तरुणानं आपले वडील कसे गमावले हे तो आपल्याला सांगणार नाही. मी विचारलं होतं, पण त्याला बोलता आलं नाही. आपण न विचारता समजून घेऊ. प्रयोगापूर्वी त्याच्या वडिलांसाठी, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकासाठी, दोन मिनिटं उभे राहू या.”

सगळं सभागृह उठलं. मी पाहिलं, मधल्या वाटेजवळ अब्बाही उठले. कप खुर्चीखाली ठेवला, टोपी सारखी केली आणि मान खाली घालून उभे राहिले.

पुढं जाऊन ‘ते जिवंत आहेत’ म्हणावं, तर भरल्या सभेत सरांची शोभा होणार, आणि मध्येच अब्बांचीही. मी विंगेचा पडदा धरून तसाच राहिलो. दोन मिनिटं झाली, लोक बसले, अब्बांनी कप उचलला, दिवे मंदावले. मग करणार काय, मी सुरू केलं.

हशाच्या जागा मला पाठ असतात. श्वास घ्यायच्या जागेइतक्या. अम्मी डोळे पुसते आणि धाकटीच्या नाकातून रुई निघते, तिथं हशा येतो, म्हणून मी थांबलो. कोणीतरी नाक ओढलं. पुढं साखरेचं भांडण. मी थांबलो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. लोक मनापासून रडत होते आणि माझ्या हातातून माझं घर जात होतं. अब्बा जे जे बोलत ते आता मेलेल्या माणसाचं बोलणं झालं होतं. इतकी वर्षं एकटा उभा राहिलो, पण त्या दुपारइतकं एकटं कधी वाटलं नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळे रडत होते तो माणूस धूसर डोळ्यांनी तिसरीकडंच पाहत होता.

रुईपर्यंत आलो. गादी उसवली, पाट ठेवला. “समोर घरचं कोणी बसल्याशिवाय आमच्यात तात वाजत नाही. या, बसा कोणीतरी.”

कोणी उठेना. कोण उठणार? मयतीच्या घरी हसत वर कोण जातं? मी वाट पाहिली. पुन्हा म्हणालो, “या.” काहीच नाही. पाट रिकामा, रुई उघडी, आणि ठोकळा हातात धरून मी. समोर कोणी नसताना तात छेडायला माझा हातच उचलेना. तो माझा नव्हे, अब्बांचा हात होता.

मधल्या वाटेत हालचाल झाली. अब्बा खुर्च्यांचा आधार घेत पुढं येत होते. एक स्वयंसेवक आडवा आला.

“बाबा, खाली बसा. प्रयोग चालू हाय.”

“कुठी चालू हाय? बंद पडलं ना त्याचं काम. रुई उघडी टाकून बसला तो. अन् तुमी एवढे लोक, कोणी उठून नाही राहिलं.”

चाचपडत पायऱ्या चढले, पाट हातानं शोधला आणि मांडी घालून बसले. “हं. चालव.”

मी तात छेडली.

“उतरली हाय.”

“काय?”

“तात. डोळे गेले माहे, कान नाही गेले. आवळ.”

मी तात आवळली. कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. पुढच्या बाईंनी चष्मा घातला. “बाबा, तुम्ही पण पिंजारी काय?”

“हाव.”

“मग याच्या वडलांना ओळखत असाल.”

“ओळखत म्हंजे? मीच हाय त्याचा बाप.”

मग त्या बाई म्हणाल्या, “अन् मग आम्ही उभे कोणासाठी झालो होतो?”

“ते मले बी नाही समजलं, बाई. सगळे उठले म्हणून मी बी उठलो.”

हशा मागच्या रांगेतून सुरू झाला आणि पुढं आला. मी धंद्यात पुष्कळ हशे ऐकले, पण असा नाही. विंगेत गावंडे सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, आणि तेही हसत होते. अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांना धंद्यात एवढंच ठाऊक, समोर बसलेल्यानं पिंजाऱ्याशी बोलायचं असतं. त्यांनी शांताकाकूंचा आवाज काढला. घरात कधी नक्कल न करणारा माणूस.

“काहो पिंजारी भाऊ, पोरगं काय करते तुमचं?”

हे माझ्या संहितेत नव्हतं. मी अब्बांच्या खांद्यानं, अब्बांच्या आवाजात म्हणालो, “बी. ए. झालं, काकू.”

“मंग नोकरी?”

“नोकरी नाही. नाटक करते.”

“कोणाचं?”

“माह्यं.”

त्यांनी हात पुढं करून रुई बोटांत धरली, अंदाज घेतला.

“मंग नीट पिंज म्हणा त्याले. गाठी ठेवू नको म्हणा.”

मी पिंजायला लागलो. उरलेल्या प्रयोगात सगळे हशे आपापल्या जागी आले. शेवटी मी पायरीवर बसून बशीतून चहा प्यालो, अब्बा अजून पाटावरच होते, आणि दिवे गेले. पुढं काय होतं, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून ते म्हणाले, “खड़े किसके लिए हुए थे रे?”

“तुमच्यासाठी. त्यांना वाटलं, तुम्ही गेलात.”

त्यांनी बाहेर पाहिलं. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं. मग म्हणाले, “अच्छा हुआ, मैं भी खड़ा था. अपनी मय्यत में आदमी को कहाँ मौका मिलता है.”

पुढं मी कितीदा बोलावलं, ते परत आले नाहीत. “एक बार देखा ना,” एवढंच. काही वर्षांनी ते गेले, म्हातारपणानं, स्वतःच्या खाटेवर. गावंडे सर अकोल्याहून मातीला आले होते. माझ्या शेजारी उभे राहिले, बराच वेळ.

त्यानंतरही मी प्रयोग केले, आवाज होता तोवर. पाटावर कोणी ना कोणी येऊन बसायचं, भली माणसं, हसणारी. पण घरचं कोणी नव्हतं. दर वेळी तात छेडण्याआधी माझा हात क्षणभर थांबायचा, कोणी ‘उतरली हाय’ म्हणतं का ते ऐकायला. आता मी त्याच एका खोलीत राहतो. तिचा अर्धा भाग आता रिकामा असतो. पिंजण खुंटीला आहे. तात मी दर हिवाळ्यात आवळतो. वाजवत मात्र नाही.

आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. पिंजाऱ्याच्या एका खोलीतलं जगणं, जसं होतं तसं, कोणाचं मरण न जोडता, अकोला-अमरावतीच्या लोकांनी दीड तास बसून पाहिलं, आणि माझ्या बापानं एकदा समोर बसून पाहिलं. एवढं मी केलं.